निलगिरीच्या शिकारी क्लबने ताहर वाचवला, गवत मात्र गेलं

शिकारी क्लबांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, साहेबांनी आणि संस्थानिकांनी जंगलं रिकामी केली, विषय संपला. दुसरा जुन्या फोटोंतल्या बंदुका आणि टोप्या बघून हरखून जातो. मला दोन्ही पटत नाहीत. त्याचं कारण आहे उटीची निलगिरी गेम असोसिएशन, म्हणजे तिथल्या शिकाऱ्यांची संस्था.

कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये निलगिरीवर चढला आणि पुढच्या पन्नास वर्षांत तो अख्खा डोंगर साहेब लोकांचा झाला. चहा-कॉफीचे मळे, वेलिंग्टनची छावणी, उन्हाळ्यात वर येणारं मद्रासचं सरकार. यातल्या बहुतेकांकडे बंदूक होती आणि नियम कोणताच नव्हता. मादी असो, पिल्लू असो, जे दिसेल ते टिपायचं. सांबर, गवा, भेकर, रानकोंबड्या आणि कड्याकपारीत राहणारा निलगिरी ताहर. हा ताहर म्हणजे एक रानबकरा, पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाखेरीज जगात कुठेही नाही. तो कमी होतोय हे सगळ्यात आधी शिकाऱ्यांच्याच लक्षात आलं, कारण त्याच्या मागावर दिवसदिवस घालवणारे तेच होते.

त्यातून १८७७ मध्ये ही संस्था उभी राहिली आणि दोनच वर्षांत, १८७९ मध्ये, मद्रास सरकारने खास निलगिरीसाठी शिकार आणि मासे यांच्या संरक्षणाचा कायदा केला. परवाना आला, विणीच्या दिवसांत बंदी आली. आपला देशभराचा वन्यजीव कायदा १९७२ चा. एका जिल्ह्याने जवळजवळ शंभर वर्षं आधी हे करून दाखवलं होतं, आणि ते घडवून आणणारे स्वतः बंदूकवाले होते.

ताहरबाबतचा नियम मला फार आवडतो. मारायचा तर फक्त पूर्ण वाढलेला नर. वय झालं की त्याचं अंग काळपट होतं आणि पाठीवर खोगीर घातल्यासारखा रुपेरी पट्टा उमटतो. तो पट्टा दिसल्याशिवाय गोळी झाडायची नाही. म्हणजे धुकं विरेपर्यंत कड्याच्या तोंडाशी पोटावर पडून राहायचं, दुर्बिणीतून कळप एकेक करून न्याहाळायचा आणि माद्या, पिल्लं, कोवळे नर सोडून द्यायचे. कितीदा तरी हात हलवत परत यायचं. बंदुकीच्या माणसाला थांबायला लावणारा नियम आहे हा, आणि त्यामुळे कळपात माद्या टिकल्या.

पण याच संस्थेची दुसरी बाजू दडवून ठेवणंही बरोबर नाही. परवान्याचे पैसे भरणं साहेबाला जड नव्हतं. त्याच डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुरुंब, इरुळा लोकांसाठी मात्र तोच कायदा त्यांना एका रात्रीत चोर ठरवणारा होता. रानकुत्रं म्हणजे ‘आपली’ शिकार पळवणारं, म्हणून त्याला मारणाऱ्याला बक्षीस. आणि ओढ्यांत ट्राउट. हा मासा इथला नाहीच. मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८६० च्या दशकात तो आणायचे प्रयत्न केले, ते फसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एच. सी. विल्सन यांना ते जमलं आणि उटीजवळ अवलांची इथे अंडी उबवायची हॅचरी झाली. गळ टाकायला घरच्यासारखा मासा हवा म्हणून परक्या डोंगराच्या पाण्यात तो सोडला, आणि कायद्यानेही त्याला संरक्षण दिलं!

तरी माझी खरी तक्रार यापेक्षा मोठी आहे. या नियमांनी जनावर मोजलं, गवत मोजलंच नाही. निलगिरीचा माथा म्हणजे मैलोन्‌मैल गवताळ टेकड्या आणि घळींत दडलेली छोटी शोला वनं. इथल्याच तोडा या आदिवासी लोकांच्या म्हशी या गवतावर चरत आल्या, ताहरही त्यावरच जगतो. ब्रिटिशांना ही पडीक जमीन वाटली. त्यांनी ऑस्ट्रेलियातली वॅटल (बाभळीच्या जातीची) आणि निलगिरीची (युकॅलिप्टस) झाडं आणली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारांनी तोच कित्ता आणखी जोमाने गिरवला, कागदाच्या आणि रेयॉनच्या कारखान्यांना लाकूड हवं होतं म्हणून. वर धरणं आलीच. बंदुकीपासून वाचलेल्या ताहरच्या पायाखालची जमीनच गेली. आज उटीला जाऊन आपण ज्या पाइनच्या झाडांत फोटो काढतो तिथे एकदा खाली बघा. सुयांचा निसरडा थर, त्याखाली सुकी माती, चरायला एक पात नाही.

संस्थेच्या इतिहासातला मला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे ई. आर. सी. डेव्हिडार. पेशाने वकील. १९६० च्या दशकात त्यांनी ताहरची पद्धतशीर मोजणी केली, पुढे इतर डोंगरांवरही केली. निलगिरीवरचं मुकुर्ती १९८२ मध्ये अभयारण्य आणि १९९० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे अशा मोजण्यांचं बळ होतं. तमिळनाडू आता ७ ऑक्टोबर हा त्यांच्या आठवणीत ताहर दिन पाळतं. २०२४ च्या गणनेत त्या राज्यात १,०३१ ताहर मिळाले. ती शिकारी संस्थाही आहेच, फक्त नावात आता वन्यजीव आणि पर्यावरण आलंय. परदेशी झाडं काढून गवत परत आणायचं कामही सुरू झालंय, पण ते फार किचकट आहे. एक वॅटल तोडला की त्याच जागी बियांतून ढीगभर उगवतात.

हे सगळं मराठीत लिहितोय कारण हाच डोंगर उत्तरेला आपला सह्याद्री होतो आणि हीच चूक आपण आज करतोय. सडा, म्हणजे उघडं कातळी पठार, दिसला की झाडांसाठी खड्डे, माळरान दिसलं की रोपं. सोलापूरकडे नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं आणि त्याच्या माळावर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं. माळढोकाला मोकळं गवत लागतं, तो झाडांत राहत नाही, हे ठाऊक असूनही!

आमच्या भागातल्या एका सड्यावर येत्या पावसाळ्यात झाडं लावायचं घाटतंय. हेतू चांगला आहे, मुलं मनापासून राबणारी आहेत, त्यांच्याशी भांडायची इच्छा नाही. पण बैठकीत मी विरोध करणार आहे आणि झाडांसाठी गावातल्या ओढ्याचा काठ सुचवणार आहे. सड्यावरच्या गवताची, फुलांची ज्यांना नीट ओळख आहे अशा कुणाला सोबत यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा.