आजार ही पापाची शिक्षा, औषध म्हणजे अविश्वास: हे वचनात आहे का?

ख्रिस्ती कुटुंबात कोणी आजारी पडले की एक संदेश हमखास येतो: आजार पापामुळेच येतो, पाप कबूल करून विश्वास ठेवला तर बरे होणारच, झाला नाहीत तर विश्वास कमी पडला, आणि औषध घेणे म्हणजे देवावर भरवसा नसणे. सोबत बायबलमधली वचनेही जोडलेली असतात. ती मागचीपुढची ओळ धरून वाचायला हवीत.

आधी पापाचे. जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले १८ जण इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, हेही त्यानेच सांगितले. बेथेसदाच्या तळ्यापाशी बरे केलेल्या माणसाला मात्र 'पुन्हा पाप करू नकोस' असे त्याने बजावले, हे खरे. पण बरे आधी केले, बजावले नंतर. आणि त्या माणसाचे अंतःकरण त्याला ठाऊक होते, आपल्याला नसते. दुःख आणि मरण पापामुळे जगात शिरले, ही ख्रिस्ती शिकवण आहेच. त्यावरून अमक्याचा कर्करोग तमक्या पापामुळे, असा हिशेब मांडता येत नाही. निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी तो मांडला आणि देवाचा राग ओढवून घेतला (ईयोब ४२:७).

विश्वास कमी पडला, हा आरोप तर सरळ निर्दयपणा आहे. शरीरातला काटा, म्हणजे सततचा त्रास, जावा म्हणून प्रेषित पौलाने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मिळाली. आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). त्या दोघांवर अविश्वासाचा ठपका कुठेही नाही.

सर्वांत घातक मुद्दा औषधाचा. हिज्कीया राजा बरा होईल असे देवाने सांगितल्यावरही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (२ राजे २०:७). आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून पौलानेच लिहिले, आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता. टाइप १ मधुमेहात इन्शुलिन बंद केले तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल वाढून जीव जाऊ शकतो. फेफऱ्याच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटक्यांमागून झटके येऊ शकतात. क्षयरोगात फसगत वेगळी: काही आठवड्यांत ताप-खोकला उतरतो, 'बरे झालो' म्हणून साक्ष दिली जाते, पण जंतू उरलेले असतात. सहा महिन्यांचा उपचार अर्धवट सुटला की रोग उलटतो आणि पुढे तीच औषधे लागू न पडण्याचा धोका असतो.

मग आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगणाऱ्या याकोब ५:१४ चे काय? ते जसेच्या तसे पाळावे. बोलावतो आजारी माणूस; मंडळीचे वडील (म्हणजे ज्येष्ठ पुढारी) त्याच्याकडे जातात, प्रभूच्या नावाने तेल लावतात, प्रार्थना करतात. तिथे पापाचा उल्लेख 'जर'ने येतो: त्याने पापे केली असतील तर क्षमा होईल. म्हणजे उलटतपासणी नको. त्याला स्वतःहून काही कबूल करायचे असेल तर ऐकावे आणि ते खोलीबाहेर नेऊ नये. निघण्यापूर्वी गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, पुढची तपासणी कधी, सोबत कोण जाणार, हे विचारावे. बरे वाटू लागले तरी औषध कमी करायचे की थांबवायचे हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे. येशूनेही शुद्ध केलेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन दाखवायला पाठवले होते (मार्क १:४४).