‘मास्टर फुल्ल ठेवा, अर्थिंगची पिन काढा’: आवाज फाटण्यावरच्या सात उपायांचा प्रतिवाद

डीजेंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी फिरत असते. कंट्रोलरवर (लॅपटॉपमधली गाणी मिसळायचं नॉब-बटणांचं यंत्र) दोन गाणी मिक्स करताना आवाज फाटला तर सात उपाय करा, असं ती सांगते: गाणी ३२० केबीपीएसला (फाइलमध्ये सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) कन्व्हर्ट करा, सॉफ्टवेअरचा मास्टर (शेवटचा एकूण आवाज) फुल्ल ठेवून अ‍ॅम्प कमी करा, लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज आपोआप दाबणारी सोय) कायम चालू ठेवा, लेटन्सी (बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर) सगळ्यात खाली आणा, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं, तो आकडा) ९६ किलोहर्ट्झ करा, की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद करू नका, आणि घूं असा आवाज आला तर चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाका.

यातला घोळ ‘फाटतो’ या शब्दातच आहे. किकवर (बेस ड्रमच्या ठोक्यावर) आवाज करकरतो तेव्हाही फाटतो म्हणतात, मधूनच टिक-टिक होऊन तुटतो तेव्हाही, आणि झांज पाण्याखाली वाजल्यासारखी येते तेव्हाही. तिन्ही वेगळे बिघाड आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं वाढतं.

आधी अर्थिंगची पिन, कारण तो उपाय जीवघेणा आहे. लॅपटॉपला एका बोर्डावरून अर्थ मिळतो, अ‍ॅम्पला दुसऱ्या. दोन अर्थमध्ये थोडा जरी फरक असला तरी आरसीए वायरच्या (लाल-पांढऱ्या पिनांची साधी ऑडिओ वायर) जाळीतून करंट वाहतो आणि ५० हर्ट्झची घूं ऐकू येते. पिन काढली की वर्तुळ तुटतं आणि घूं थांबते, हे खरं आहे. पण ज्या दिवशी आतली वायर सुटून बॉडीला लागेल, त्या दिवशी फ्यूज उडणार नाही, एमसीबी पडणार नाही. लोखंडी स्टेज, पावसाने ओला मंडप, जनरेटरची लाइन आणि २३० व्होल्ट तुमच्या हातात. पिन काढू नका. दोन मिनिटं चार्जर काढून ऐका. घूं गेली तर कारण हेच. मग लॅपटॉप, कंट्रोलर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावर घ्या, कंट्रोलरला एक्सएलआर (तीन पिनांचं) आउटपुट असेल तर आरसीएऐवजी तोच वापरा, आणि आरसीएच असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स (आवाज जाऊ देणारी, पण दोन अर्थ न जोडणारी डबी) लावा. कार्यक्रमभर बॅटरीवर चालवणं हाही उपाय नाही, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतात आणि मग टिक-टिक सुरू होते.

आता मास्टर फुल्ल. सगळ्यात जास्त आवाज या सल्ल्यानेच बिघडतो. डिजिटल आवाजाला ० डेसिबल हे छत असतं. हल्लीची रिमिक्स गाणी मुळातच या छताला टेकलेली असतात. अशी दोन गाणी बीट जुळवून एकत्र वाजवली की किकवर किक बसते आणि बेरीज ६ डेसिबलपर्यंत वर जाते, म्हणजे लहरीची उंची दुप्पट होते. आजची बहुतेक सॉफ्टवेअर आत ३२ बिट फ्लोटमध्ये (छताच्या वरचे आकडेही सांभाळणाऱ्या पद्धतीने) हिशेब करतात, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या आत ही बेरीज टिकते. पण ती साउंड कार्डाच्या दारात पोचली की छताच्या वरचा भाग छाटला जातो. टेकडीचा माथा करवतीने सपाट कापावा तशी लहर होते. त्या सपाट माथ्यातून कर्कश हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तयार होतात आणि तेच ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जाळतात. त्यानंतर अ‍ॅम्प कमी करून काही मिळत नाही, छाटलेला आवाज फक्त हळू ऐकू येतो.

म्हणून क्रम उलटा हवा. गाण्यातला सगळ्यात जोरदार भाग लावा, ईक्यूचे तिन्ही नॉब (लो, मिड, हाय) बारा वाजता ठेवा आणि चॅनलचा मीटर हिरव्यात राहून जेमतेम पिवळ्याला शिवेल इतकाच गेन (चॅनलमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी) द्या. सॉफ्टवेअरचा मास्टर असा ठेवा की एका गाण्याचे पीक (सगळ्यात उंच टोकं) उणे ६ डेसिबलच्या आसपास राहतील. आवाज कमी वाटला तर अ‍ॅम्पकडे वाढवा, त्याचं कामच ते आहे. नवं गाणं आत घेताना त्याचा लो नॉब (बेसचा) पूर्ण खाली ठेवा. ओळ बदलते त्या पहिल्या ठोक्यावर जुन्याचा लो खाली, नव्याचा वर. दोन किक कधीच एकत्र वाजत नाहीत, मग बेरीज फार वर जात नाही. बेस हवा म्हणून लो नॉब उजवीकडे टोकाला नेलात, तर बऱ्याच मिक्सरवर तो एकटाच ६ डेसिबल वाढवतो.

फाटतंय नक्की कुठे, हेही पाहता येतं. मिक्स सॉफ्टवेअरमध्येच वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि एका किकवर इतकं झूम करा की लहरीची एकच रेघ दिसेल. माथे सपाट असतील तर दोष सॉफ्टवेअरच्या पातळीत किंवा मूळ गाण्यात. मूळ फाइलही तशीच उघडून पाहा. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि स्पीकर करकरतोय, तर दोष पुढे आहे. तेव्हा आधी कंट्रोलरची वायर मिक्सरच्या माइक इनपुटमध्ये तर नाही ना, हे बघा. तिथे लाइन लेव्हल (माइकपेक्षा कितीतरी मोठा सिग्नल) दिली की इनपुटच फाटतं.

लिमिटर अपघातासाठी असतो. त्याचा दिवा क्वचित लुकलुकला तर चालेल. सतत पेटलेला राहिला तर प्रत्येक किकला गायकाचा आवाज खाली बसतो आणि उसळून वर येतो. तेव्हा गेन कमी करायचा.

लेटन्सीचा सल्ला नेमका उलटा आहे. आवाज मध्येच तुटतो, टिक-टिक येते, तेव्हा लॅपटॉपला पुढचा तुकडा वेळेत तयार करता आलेला नसतो. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी तयार करायचा आवाजाचा तुकडा) म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६. शेवटचा उशीर स्पीकरपासून चार मीटर दूर उभं राहण्याएवढा आहे. स्क्रॅच करणाऱ्याला तो जाणवेल, मिक्स करणाऱ्याला नाही. तेव्हा बफर वाढवा, विंडोजवर कंट्रोलरच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिरात आवाज पोचवणारं सॉफ्टवेअर) घ्या, वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा, पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि कंट्रोलर हबऐवजी थेट लॅपटॉपला लावा. तरी टिक-टिक राहिली तर लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा. कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते तो नावानिशी दाखवतो.

९६ किलोहर्ट्झने ही अडचण वाढते. गाणी ४४.१ मध्ये आहेत, त्यात नवं काही येत नाही, आणि २५६ चा तोच बफर आता फक्त २.७ मिलिसेकंदांचा उरतो. विंडोज आणि कंट्रोलर दोन्हीकडे ४४.१ ठेवा.

३२० ला कन्व्हर्ट करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स महागड्या कागदावर काढणं. १२८ केबीपीएसची एमपीथ्री बनवताना साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाकलेलं असतं. ते परत येत नाही, उलट दुसऱ्यांदा दाबल्याने झांज आणखी छपछपते. पाच मिनिटांची १२८ ची फाइल ५ एमबीच्या आत असते, ३२० ची १२ एमबी. पण साइजवर विश्वास ठेवू नका. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या उंचीचा आवाज किती, ते रंगांत दाखवणारं चित्र) लावा. फाइल ३२० ची म्हणवते आणि १६ च्या वर सगळं काळं, तर ती बहुधा फुगवलेली आहे. मूळ गाणं विकत घ्या.

की-लॉक गाण्याचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतं. चार-पाच टक्क्यांपर्यंत कळत नाही. १०० बीपीएमचं (मिनिटाला १०० ठोके) गाणं ११२ ला नेलं की हलगीची कडक थाप दुहेरी आणि पुसट येते. नुसत्या वाद्यांच्या ट्रॅकवर की-लॉक बंद करा. सुमारे ६ टक्क्यांना एक सेमीटोन (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) सूर चढेल, तिथे ते खपतं. गायकाचा आवाज असेल तर मधल्या वेगाचं तिसरं गाणं घ्या.

आणि यादीत नसलेला एक बिघाड. आवाज मोठा आहे, फाटत नाही, पण गायक आणि किक गायब, मागचा पोकळ घुमारा तेवढा उरलाय. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकची स्टिरिओ वायर थेट मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये गेली आहे. ते इनपुट दोन तारांमधला फरक घेतं, म्हणून डाव्या-उजव्यात सारखं असलेलं सगळं वजा होतं. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पाव इंची जॅक असलेली वाय केबल घ्या, दोन चॅनलमध्ये लावा, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे पॅन करा.