वर्गणीची पावती आणि धर्मग्राम

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिकांच्या, व्हॉट्सअ‍ॅप गटावर सध्या एकच वाद पेटलाय. नव्या इमारतींत राहायला आलेल्या कॅथलिक कुटुंबांनी वार्षिक वर्गणी भरली नसेल, तर त्यांना दाखले द्यायचे का, कब्रस्तानात जागा द्यायची का? त्यात कुणीतरी लिहिलं, ‘जर्मनीत बघा, चर्चचे पैसे थेट पगारातून कापतात, तशी शिस्त हवी.’ मी स्टुटगार्टला राहते, तो कर भरते, म्हणून लिहिणं भाग आहे.

इथे आल्यावर पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. ‘रोमन कॅथलिक’ लिहिलं की ती माहिती चर्चकडेही जाते आणि करखात्याकडेही. मग पगाराच्या स्लिपवर आयकराच्या खाली चर्चकराची ओळ येते. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आणि बव्हेरियात तो ८ टक्के, इतर राज्यांत ९. हे टक्के मिळकतीचे नव्हेत, आयकराचे. महिन्याला ५०० युरो आयकर, तर ४० युरो चर्चकर. पण आयकरच लागत नाही अशा विद्यार्थ्याला किंवा बेकार माणसाला चर्चकर शून्य, आणि तरीही तो पुरता धर्मग्रामस्थ. गटावरची ‘शिस्त’ मात्र रिक्षावाल्याला आणि बिल्डरला एकच रक्कम लावणारी आहे.

मी चर्चच्या ऑफिसात गेले तेव्हा सेक्रेटरीबाईंनी रस्त्यांची यादी काढली. आमच्या रस्त्याचे सम क्रमांक एका धर्मग्रामात, विषम शेजारच्या. माझं नाव त्यांच्याकडे आधीच पोचलं होतं. पैशांचा विषयसुद्धा निघाला नाही.

चर्चचा कायदाही हेच सांगतो. १९८३च्या कॅनन लॉनुसार धर्मग्राम सहसा हद्दीवर ठरतो. कायम राहायचं म्हणून आलात, किंवा ५ वर्षं राहिलात, की तो तुमचा धर्मग्राम. निदान ३ महिने राहायचा बेत असेल तरी तिथले प्रमुख धर्मगुरू तुमचे होतात. नवीन माणसाने नाव जरूर नोंदवावं. फॅमिली कार्ड, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, सगळं त्याने सोपं होतं. पण हक्क राहण्याने मिळतो.

आणि लग्न करण्यासाठी लागणारा चर्चचा दाखला म्हणजे तरी काय? माणसाचा बाप्तिस्मा झालाय आणि तो लग्नाला मोकळा आहे, एवढंच ना? दृढीकरणाची (बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या संस्काराची), लग्नाची टीप बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदवहीतच जाते. मंगळूरहून आलेल्या मुलीबद्दल खात्री करायची तर तिच्या मंगळूरच्या चर्चला पत्र लिहा. वर्गणीची पावती बघून त्यातलं काहीच कळत नाही.

चर्चला हातभार लावणं आपलं कर्तव्यच आहे, कायद्यातही ते लिहिलेलं आहे. पण गरिबीमुळे कुणी संस्कारांना मुकू नये, हेही त्याच कायद्यात आहे. जर्मनीची गाडी नेमकी इथे अडली. कर थांबवायचा तर सरकारी कचेरीत जाऊन ‘मी चर्च सोडतो’ असं जाहीर करावं लागतं, आणि २०१२च्या बिशपांच्या आदेशानुसार अशा माणसाला पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, गॉडफादर होता येत नाही. २०२२ या एका वर्षात ५ लाख २२ हजारांहून अधिक कॅथलिकांनी चर्च सोडलं. चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांचा संताप त्यात मोठा होता, पण बाहेर पडायचं दार कचेरीतून जातं आणि परतीची वाट अवघड होते. शिवाय इतका पैसा असूनही माझ्या घरी चर्चमधून आजवर कुणी आलेलं नाही. वसईत फादर घर आशीर्वादित करायला येतात, आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद घरी आणतात. ही आपली खरी मिळकत, ती पावतीपुस्तकापायी घालवू नका.

नव्या इमारतींत आळीच्या प्रतिनिधींनी फॉर्म घेऊन स्वतः जावं. वर्गणीचा कागद वेगळा ठेवावा, रकमेची जागा मोकळी सोडावी. कब्रस्तानात जागा कमी आहे हे खरंच. मग कबर किती वर्षांनी पुन्हा वापरायची याचा एकच नियम करा आणि तो जुन्या घराण्यांनाही लावा.