फिल्टरचे मॅचिंग

लग्नाला एकोणीस वर्षे झाली. एवढ्या काळात सौभाग्यवती साडी पिशवीत घालून मॅचिंग सेंटरच्या पायऱ्या झिजवत आली आणि मी बाहेर गाडीत बसून "अगं, हिरवा तो हिरवाच" असे बजावत आलो. या वाक्याची परतफेड मला गेल्या महिन्यात पुण्याच्या नाना पेठेत करावी लागली.

आमची पिकअप नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट वाहते. 1 एप्रिल 2017 पासून बीएस-3, म्हणजे धुराच्या जुन्या निकषांच्या, गाड्यांची विक्री बंद होणार होती, तेव्हा मार्चअखेरच्या सवलतीत मी ती घाईघाईने घेतली. त्या सवलतीचे व्याज अजून फिटलेले नाही, कारण कोणताही सुटा भाग मागितला की दुकानदार आधी "थ्री की फोर?" असे विचारतो आणि मी उत्तर दिले की माझ्याकडे दयेने पाहतो.

दिवाळीत ऑइल बदलताना मी जवळच्याच एका दुकानातून फिल्टर आणला होता. त्याचे आटे जुळले, तोंडाचा घेर जुळला, एवढेच काय, रंगही जुळला. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र चावी फिरवताच पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज आला आणि ऑइलचा लाल दिवा चार-पाच सेकंद विझेना. पुढे हे रोजचेच झाले. मिस्त्रीने सांगितले, की इंजिन बंद झाल्यावर तेल मागे ओघळू नये म्हणून फिल्टरच्या आत एक रबरी पडदा असतो, आणि आमच्यासारखा आडवा बसणारा फिल्टर असेल तर त्या पडद्याशिवाय चालतच नाही. आमच्या फिल्टरात तो केवळ नावापुरता असावा, कारण रात्रभरात फिल्टर रिकामा होई आणि तेल पोहोचेपर्यंत बेअरिंगांना कोरडेच फिरावे लागे.

तेव्हा मी स्वतःच ऑइल काढले, पट्टापान्याने फिल्टर सोडवला, तो तीन पिशव्यांत गुंडाळला आणि एसटीने पुणे गाठले. तीनही पिशव्या गळत होत्या, हे मला शेजारच्या प्रवाशाच्या धोतराने सांगितले.

नाना पेठेतल्या पहिल्या दुकानदाराने फिल्टर पाहून तसाच दुसरा काढून दिला. दुसऱ्याने "हाच, पण जरा उंच" असे म्हणून आणखी एक पुढे केला, जणू उंचीचा प्रश्न फक्त वधूवरांनाच असतो. तिसऱ्या दुकानातल्या चष्मेवाल्या काकांनी मात्र माझा नमुना हातातही घेतला नाही.

"हा चुकीचा आहे म्हणून बदलायला आलात ना? मग याच्याशी जुळवून काय करू? चॅसी नंबर सांगा."

नंबर आरसी बुकात आणि आरसी बुक घरी. मी फोन लावला. सौभाग्यवती एकेक अक्षर वाचू लागली आणि काका लिहून घेऊ लागले. मध्येच तिने "ओ" म्हटले. काका म्हणाले, "वहिनी, चॅसी नंबरात ओ नसतो, शून्य म्हणा." सतरा अक्षरे पुरी होताच त्यांनी जाडजूड पुस्तक उघडले, बोटाने ओळ शोधली आणि माळ्यावरून फिल्टर मागवला. तो माझ्या फिल्टरपेक्षा बोटभर बुटका होता आणि त्याच्या तोंडाच्या भोकांतून आतला तो रबरी पडदा स्पष्ट दिसत होता. मी त्याला बोट लावून खात्री करून घेतली, अगदी कापडाचा पोत पाहावा तशी.

पैसे देताना काकांनी प्रथमच माझा जुना फिल्टर उलटा केला.

"याच्या तोंडाची रबरी रिंग कुठाय?"

रिंग नव्हती. "इंजिनालाच चिकटली असणार," काका म्हणाले. "तिच्यावर नवा बसवलात तर दोन रिंगांमधून सगळे ऑइल रस्त्यावर येईल. आधी ती काढा, नव्या रिंगेला ऑइलचे बोट फिरवा, आणि रिंग टेकली की हातानेच पाऊण फेरा. पाना लावू नका."

संध्याकाळी मी गाडीखाली आडवा झालो आणि इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवले. रिंग तिथेच होती, काळीकुट्ट आणि चपटी झालेली. ती नखाने सोलून बाहेर काढली, तेव्हा सौभाग्यवती कंदील धरून उभी होती. तिने रिंग चिमटीत धरून उजेडात पाहिली आणि म्हणाली,

"अहो, ब्लाउजपीस घेताना मी अस्तरसुद्धा बघून घेते."

मग तिने उद्या मॅचिंग सेंटरला जायचे असल्याचे सांगितले. या वेळी मी तिच्याबरोबर दुकानात गेलो आणि पिशवी मीच धरली.