दोन डाव्या बाह्या

वेशभूषा स्पर्धेचा अर्ज भरताना नाव, वय आणि पात्राचे नाव येथपर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. चौथ्या रकान्यापाशी मात्र माझी लेखणी अडली. ‘आपली कौशल्यपातळी : नवशिका, मध्यम, निष्णात. योग्य तेथे खूण करावी.’ काल्पनिक पात्राचा पोशाख स्वतः तयार करून त्या रूपात वावरण्याचा कॉस्प्ले नावाचा छंद मी तीन वर्षे जोपासला आहे. या काळात मी स्वतःला चार वेळा ‘निष्णात’ आणि निदान पाच वेळा ‘निरुपयोगी’ ठरवले होते, पण यांपैकी दुसरा पर्याय अर्जात दिलेला नव्हता.

खूण चुकली तर दोन्हीकडून पंचाईत होती. पाश्चात्त्य वेशभूषा स्पर्धांतून नवशिका, कारागीर आणि उस्ताद अशा गटांची जी पद्धत रूढ झाली, तिच्यामागचे तत्त्व साधे आहे : खालच्या गटातल्याने हौस असेल तर वर चढावे, वरच्याने मात्र खाली उतरून नवशिक्यांची बक्षिसे लुटू नयेत. म्हणजे ‘निष्णात’ म्हणावे तर परीक्षक अस्तर उलटून पाहणार, आणि ‘नवशिका’ म्हणावे तर तीन वर्षे हा सगळा पसारा कशासाठी मांडला होता, असे घरचेच विचारणार. अखेर पुराव्यानिशी निकाल लावायचे ठरवून मी जुने पोशाख कपाटातून काढले आणि पलंगावर मांडले.

पहिला पुरावा जादूगाराच्या झग्याचा. त्यात शिवण अशी नव्हतीच. सगळे जोड गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवलेले होते, आणि पातळ सॅटिनमधून तो गोंद झिरपल्यामुळे झग्यावरून गोगलगाय फिरून गेल्यासारखे दिसत होते. कडा दुमडलेल्या नसल्याने त्यांतून इतके धागे सुटले होते, की ती मुद्दाम लावलेली झालर आहे असा एका गृहस्थांचा समज झाला आणि मी तो दूर केला नाही. हा अर्ज त्या दिवशी समोर आला असता, तर मी क्षणाचाही विलंब न लावता ‘निष्णात’वर खूण करून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या पोशाखाच्या वेळी मी साचा करायला शिकलो. अंगाचा अचूक साचा घेण्याची या छंदातली प्रसिद्ध रीत अशी, की जुन्या बनियनवरून स्वयंपाकघरातले पातळ प्लास्टिक गुंडाळायचे, त्यावर चिकटपट्टीचे थर द्यायचे, शिवणी जिथे हव्या तिथे रेषा आखायच्या आणि त्या रेषांवरून कापून आलेले तुकडे कागदावर सपाट करायचे. हे काम एकट्याने होत नाही, म्हणून मी ताईला गळ घातली. तिने मला कमरेपासून गळ्यापर्यंत असे आवळले, की माझी अवस्था परगावी पाठवायच्या पार्सलासारखी झाली. “अरे, पोट आत ओढू नकोस,” ती सारखी बजावत होती, “साचा तुझा हवा आहे, तुला जसं व्हायचंय त्या माणसाचा नको.” मी पोट ओढले ते ओढलेच, परिणामी त्या साच्यावरून शिवलेला कोट आजही फक्त श्वास रोखूनच घालता येतो.

ताईची ही मदत लक्षात घेता ‘पोशाख मी स्वतः केला आहे’ या ओळीखाली सही करावी की नाही, असा नवाच पेच उभा राहिला. सुदैवाने इतिहास माझ्या बाजूने आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा फॉरेस्ट अकरमन हे भविष्यकालीन पोशाखात तेथे अवतरले आणि या छंदाचे आद्यपुरुष म्हणून त्यांचे नाव झाले. तो पोशाख मात्र मर्टल डग्लस या त्यांच्या मैत्रिणीने केलेला होता, आणि तीही तशाच वेशात तेथे हजर होती. आद्यपुरुषाला जे चालले ते मलाही चालावे, असे म्हणून मी सही केली.

यानंतर तो मखमली अंगरखा, ज्याच्याकडे मी शक्यतो पाहत नाही. मखमलीला लव असते आणि लवेला दिशा असते. एक तुकडा वर तोंड करून आणि दुसरा खाली तोंड करून कापला, तर एकाच थानातले कापड दोन वेगळ्या रंगांचे दिसते. हे मी वाचले होते, म्हणून दोन्ही बाह्यांचे तुकडे मी एकाच दिशेने, खडूने काळजीपूर्वक आखून कापले, आणि त्या काळजीच्या भरात दुसऱ्या वेळी साचा उलटा ठेवायचे विसरलो. साध्या सुती कापडावर ही चूक खपून जाते, कारण त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात आणि तुकडा नुसता उलटला की काम भागते. मखमल उलटली की आतला टक्कल पडलेला भाग बाहेर येतो. रात्री एक वाजता दुसरी बाही मुंढ्याला लावून पाहिली, तेव्हा तिचा फुगवटा पुढे यायचा तो मागे गेला. मी ती उसवली, फिरवली, पुन्हा टाचली, पुन्हा उसवली आणि अखेर मान्य केले, की माझ्याजवळ दोन उत्तम डाव्या बाह्या आहेत. कापड संपले होते. तो अंगरखा मी एका हाताने तलवार लपवणाऱ्या पात्राचा म्हणून मिरवला.

चिलखताची हकीकत थोडक्यात सांगतो. चिलखत ईव्हीए फोमचे, म्हणजे रबरासारख्या मऊ, हलक्या स्पंजाच्या पट्ट्यांचे करतात. त्याचा गोंद दोन्ही कडांना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा असतो. पहिल्यांदा मी थांबलोच नाही, त्यामुळे खांद्याची पट्टी ओघळत कोपरापर्यंत आली. दुसऱ्यांदा शहाण्यासारखा थांबलो आणि दोन भाग एकमेकांना लावले. पण हा गोंद वाळल्यावर टेकला की टेकला, सरकवायला वाव देत नाही, म्हणून छातीवरचे गरुडचिन्ह कायमचे काखेकडे झुकले आहे.

त्यानंतर मी चुकांची वही घातली. आता प्रत्येक पोशाखात एकच नवी कला शिकायची, स्वस्त कापडाचा कच्चा नमुना आधी शिवून पाहायचा, गोंद आणि रंग उरलेल्या तुकड्यावर लावून बघायचे, आणि फोटो काढायचा तो पोशाख उलटा करून, कारण खरी पातळी आतल्या बाजूला दिसते. वही चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. चुकांची संख्या काही कमी झालेली नाही, त्यांचा दर्जा मात्र कमालीचा सुधारला आहे. पूर्वी बाही गळून पडायची. आता तिच्या अस्तराचा उभा धागा किंचित तिरका जातो आणि त्याचे दुःख मला एकट्यालाच होते. वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिले आहे : ‘ताणणाऱ्या कापडावर नागमोडी टीप. सरळ टीप मारू नये.’

अर्जाचा शेवटचा प्रश्न होता : ‘पोशाखात बसता, वाकता व जिना चढता येतो काय?’ या वर्षीचा अंतराळवीराचा पोशाख मी आजवर फक्त आरशासमोर, ताठ उभा राहून घातला होता. उत्तर प्रामाणिक असावे म्हणून तो अंगावर चढवला, मांड्यांवरच्या पट्ट्या सावरल्या आणि खुर्चीत बसलो.

“काय रे, काय फाटलं?” ताईने बाहेरून विचारले.

“फाटलं नाही, उसवलं,” मी मागे न वळता सांगितले. “मागची मधली शिवण, साधारण सहा सेंटिमीटर. कापड ताणणारं होतं आणि मी टीप सरळ मारली होती.”

मग खुर्चीतून न उठताच मी अर्ज पुढे ओढला आणि ‘मध्यम’ या शब्दासमोर खूण केली.