हान्यूने हट्टापायी सुवर्ण घालवलं? आधी बेरीज तर करा

2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या फिगर स्केटिंगचा विषय निघाला की जपानच्या स्केटरबद्दल हे वाक्य हमखास फिरतं: 'युझुरू हान्यूने क्वाड ॲक्सलच्या हट्टापायी तिसरं सुवर्ण घालवलं, आणि हरल्यावर पळ काढला.' (क्वाड ॲक्सल म्हणजे साडेचार गिरक्यांची उडी.) ऐकायला खमंग आहे. गुणपत्रिका मात्र वेगळंच सांगते.

पहिलं म्हणजे, सुवर्ण हातचं गेलं ते ॲक्सलच्या दोन दिवस आधीच. 8 फेब्रुवारीला शॉर्ट प्रोग्रॅममधली, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीतली पहिलीच उडी, क्वाड साल्काव. नेमकं बुटाचं पातं बर्फातल्या खड्ड्यात अडकलं, चार गिरक्यांची उडी एका गिरकीत आटोपली आणि तिचे गुण शून्य. हान्यू 95.15 वर, आठवा. शेवटी सुवर्ण जिंकलेला अमेरिकेचा नेथन चेन विश्वविक्रमी 113.97 वर. यात हट्ट कुठे आला?

आता फ्री स्केट, म्हणजे दुसरी, मोठी फेरी. क्वाड ॲक्सलचे मूळ गुण 12.50. गिरक्या अपुऱ्या पडल्या, तोही पडला. हाती आले 5, वर पडल्याचा 1 वजा. समजा, उडी निर्दोष झाली असती आणि पंचांनी सढळ हाताने सगळे वाढीव गुण दिले असते. तरी 18.75. म्हणजे फार तर पंधरा गुणांची भर. दोन्ही फेऱ्या मिळून चेनचे एकूण 332.60, हान्यूचे 283.21. एकोणपन्नासचं खिंडार पंधरांनी कसं बुजतं, हे कुणीतरी मला समजावून सांगावं!

हां, कांस्यावरून वाद घालता येईल. कांस्य जिंकणारा जपानचाच शोमा उनो 293.00 वर होता, जेमतेम दहा गुण पुढे. त्या जागी सोपी उडी घेतली असती तर चुरस झाली असती, हे मान्य. पण मग 'कांस्य घालवलं' म्हणा.

'एरवी सांभाळून खेळायचा, शेवटी डोकं फिरलं' असंही काहीजण म्हणतात. अहो, 2014 च्या सोची ऑलिंपिकचं सुवर्ण खिशात असताना 2016 मध्ये स्पर्धेत क्वाड लूप, ही चार गिरक्यांची उडी, उतरवणारा पहिला स्केटर हाच! त्यानंतर 2018 मध्ये दुसरं सुवर्ण. पुरुष एकेरीत अशी सलग दोन सुवर्णं त्याआधी अमेरिकेच्या डिक बटनने जिंकली होती, 1948 आणि 1952 मध्ये.

राहिला पळ काढण्याचा मुद्दा. जुलै 2022 मध्ये त्याने स्पर्धा सोडल्या, बर्फ नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये टोकियो डोममध्ये सुमारे 35 हजार प्रेक्षकांसमोर तो एकटा स्केटिंग करत होता.