पिंपळाच्या पानांनी ब्लॉकेज निघत नाही

पिंपळाची १५ हिरवी पानं घ्या, देठाकडचा आणि टोकाकडचा भाग कापून टाका, ग्लासभर पाणी घालून एक तृतीयांश उरेपर्यंत उकळा, सकाळपासून दर तीन तासांनी असे तीन डोस घ्या. १५ दिवसांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं ९९ टक्के ब्लॉकेज साफ, अँजिओप्लास्टीची (फुगा घालून रक्तवाहिनी उघडण्याची) गरजच नाही. हा मेसेज कित्येक वर्षं घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, पण तो वाचून कुणी गोळ्या सोडल्या तर जीव जाऊ शकतो.

‘ब्लॉकेज साफ होतं.’ मोरीच्या पाइपात अडकलेल्या कचऱ्यासारखं ब्लॉकेज नसतं. चरबी रक्तवाहिनीच्या भिंतीत, अस्तराच्या आत साठते. तिच्याभोवती पेशी आणि तंतू वाढतात, पुढे कॅल्शियम बसतं. काढा पोटात जाऊन पचतो, तो हे धुऊन काढणार कसा? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्टरॉइड’ अभ्यासात रुग्णांना रोझुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या औषधाचा ४० मिलिग्रॅम हा तगडा डोस रोज, दोन वर्षं दिला आणि रक्तवाहिनीच्या आतून सोनोग्राफी करून मोजमाप घेतलं. भिंतीतल्या या थराचं प्रमाण सरासरी जेमतेम एका टक्क्याने उतरलं, आणि तेवढंही मोठं यश मानलं गेलं. स्टॅटिनचा खरा फायदा वेगळाच आहे: ते औषध चरबीवरचं कवच टिकवतं. अनेकदा हार्ट अटॅक येतो तो फारशा न अडलेल्या जागी हे कवच फाटून गुठळी झाल्यामुळे.

‘पानाचा आकारच हृदयासारखा आहे.’ पान पत्त्यांतल्या बदामासारखं दिसतं. छातीतलं हृदय तसं नसतं.

‘आमच्या काकांचं दुखणं काढ्याने थांबलं.’ थांबलं असेलही. अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं दुखणं श्रमाशी बांधलेलं असतं. जिना चढताना किंवा भरल्या पोटी चालताना छातीच्या मधोमध दडपण येतं, उभं राहिलं की काही मिनिटांत ओसरतं. कुठे दुखतं विचारलं, तर माणूस बोट न टेकवता बहुधा मूठच छातीवर ठेवतो. रेल्वेच्या पुलावर अर्ध्या जिन्यात थांबून मोबाइल बघण्याचं निमित्त करायचं आणि घरी ‘गॅस झालाय’ सांगायचं, हे फार जण करतात. मग काढा सुरू होतो. मेसेजमध्येच तळलेलं, मीठ, दारू, सिगारेट बंद करायला सांगितलेलं असतं, ते पाळलं जातं. जिना टाळला जातो, डॉक्टरांच्या गोळ्याही बहुधा चालूच असतात. दुखणं कमी होतं आणि श्रेय मिळतं पानांना. ब्लॉकेज मात्र होतं तिथेच असतं. बायकांमध्ये, वयस्करांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर अनेकदा छाती फारशी दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, जबडा दुखतो किंवा गळून गेल्यासारखं होतं.

‘नंतर ईसीजी नॉर्मल आला.’ आधीही आला असता. श्रम नसताना काढलेला ईसीजी मोठं ब्लॉकेज असूनही नॉर्मल येऊ शकतो. म्हणून डॉक्टर स्ट्रेस टेस्ट (श्रम करवून घेतलेली तपासणी), सीटी अँजिओग्राफी किंवा अँजिओग्राफी सांगतात.

‘अँजिओप्लास्टी हा निव्वळ धंदा आहे.’ या रागाला कारण आहे. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या जाळीची) किंमत सुमारे ३०,००० रुपयांवर आणली, त्याआधी रुग्णांना त्याचे लाखाच्या वर पैसे मोजावे लागत. शिवाय २००७ चा ‘करेज’ आणि २०२० चा ‘इस्केमिया’ हे अभ्यास सांगतात की स्थिर अंजायनात, म्हणजे दुखणं ठरावीक श्रमानेच येतं आणि वाढत नाही तेव्हा, चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्याने मृत्यू टळतात असं दिसलं नाही. दुखणं मात्र अधिक कमी होतं. तेव्हा ‘आत्ताच स्टेंट हवा का, औषधांवर थांबता येईल का?’ हे जरूर विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पण या अभ्यासांत स्टेंटला पर्याय होता तो रोजच्या नियमित गोळ्यांचा. आणि अटॅक चालू असताना बंद झालेली रक्तवाहिनी तातडीने उघडणं, हे जीव वाचवणारं काम आहे.

स्टेंट बसवलेल्या माणसाने काढ्याच्या भरवशावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सोडल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. आणि दडपण बसल्या जागी आलं, विश्रांतीने किंवा जिभेखालच्या गोळीने पाच मिनिटांत गेलं नाही, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.